बांधावरची ही ज्वारी कुणी पेरली?

कोरडवाहू (धागाकर्ता) | २७ सप्टेंबर, रात्री ९:१०

म्हाळाला गावी आलोय. गाव मंगळवेढा तालुक्यात. जमीन काळी, खोल, आणि पाणी म्हणाल तर वरून पडेल तेवढंच. आमच्याकडे पावसाळाभर रान मोकळं ठेवतात, कुळवाच्या दोन-तीन पाळ्या घालतात आणि हस्ताच्या आगेमागे वाफसा बघून शाळू पेरतात. म्हणजे आत्ता शिवारात ज्वारीचं एक ताट दिसायचं कारण नाही.

आणि परवा ओढ्याच्या काठाला पुरुषभर उंचीची ज्वारी उभी! तीही निसवलेली.

जवळ जाऊन बघितली. ताट बारीक, करंगळीएवढंसुद्धा नाही. पानं अगदी ज्वारीची, मधली शीर पांढरी. कणीस मात्र भरगच्च नाही, विरळ, हवेत पसरलेलं, तपकिरी-जांभळं. उन्हाकडे धरलं की त्यावर रेशमासारखी लव चमकते. दाणा चोळायला गेलो तर हातात कुसळंच कुसळं.

काका म्हणाले, "पाखरांनी दाणा टाकला असंल, सोडून दिली की ज्वारी रानटी होती." आई म्हणाली तिच्या माहेरी याला रानजोंधळा म्हणायचे. मोबाईलला फोटो दाखवला तर त्याने एकदा जॉन्सन ग्रास सांगितलं, एकदा सुदान ग्रास आणि तिसऱ्यांदा चक्क ऊस.

जाणकारांनी सांगावं: हे नक्की काय? ज्वारीचा पूर्वज हाच का? आणि बैलांना घातलं तर चालेल का?

खडूस_खडू | २७ सप्टेंबर, रात्री ९:२२

ज्वारी आहे. काका बरोबर. धागा बंद करा.

बारा_बैल | २७ सप्टेंबर, रात्री १०:०५

बरू हाय तो. आमच्या उसात असतोय, पाटाच्या कडंनं तर रांगच. वरनं ज्वारीवानी दिसतो, खाली काशांचं, म्हंजी जमिनीत आडव्या पसरणाऱ्या खोडांचं, जाळं. कुदळीनं खणून एक-एक काशी वेचा आन् उन्हात वाळवा. नांगरानं तुकडं केलं तर जेवढं तुकडं तेवढं नवं ताट. माझ्या चुलत्यानं रोटावेटर मारला व्हता, पुढच्या साली ऊस कमी आन् बरू जास्ती.

दुपारचा_चहा | २७ सप्टेंबर, रात्री १०:३१

हा बरू म्हणजेच लेखणीचा बोरू का? आजोबांकडे बोरू आणि दौत होती. "बोरूबहाद्दर" याच गवतावरून आला असेल तर धाग्याला माझ्याकडून दंडवत.

ओढ्याकाठची | २८ सप्टेंबर, सकाळी ६:५०

कोरडवाहू, वर्णन छान केलंत, पण नेमक्या ज्या खुणांवर निकाल लागतो त्या राहिल्यात. तीस वर्षं कॉलेजात गवतं शिकवली, त्यामुळे थोडी मास्तरकी सहन करा. परत ओढ्यावर जाल तेव्हा एवढं बघून या.

एक ताट मुळासकट उपटा. खाली नुसता तंतुमुळांचा झुबका आहे की जाड, पांढरट, खवल्यांची काशी आडवी गेलीय?

ताटाची पेरं नखाने चाचपा. पेर गुळगुळीत आहे की त्याभोवती केसांचं कडं आहे?

फुलोऱ्यात मुख्य दांड्यावर एका जागेवरून चार-पाच बारीक फांद्या फुटतात. त्या फांद्यांना पुन्हा उपफांद्या आहेत का, की फांदी साधी, सरळ जाते आणि फक्त टोकाला कणिशकांचा (कणसातल्या फुलांच्या बारीक घटकांचा) छोटा गुच्छ लागतो?

आणि कुसळाची लांबी. बोटाच्या पेराशी ताडून सांगा.

बारा_बैल यांनी सांगितलेला बरू म्हणजे सोर्घम हालेपेन्स, हीच मोबाईलवाली जॉन्सन ग्रास. असेलही. पण बरूला पाणी लागतं: पाट, नदीकाठ, बागायत. कोरड्या ओढ्याच्या काठावर, पाटापासून लांब तो एवढ्या थाटात उभा असेल असं मला वाटत नाही.

दुपारचा_चहा, बोरूची लेखणी पोकळ, कडक काडीची. ज्याच्या गावात जे जाड गवत मिळालं त्याचा त्याने बोरू केला. त्यात कोल्हापूर-सांगलीकडे बोरू म्हटलं की लोक ताग समजतात, हिरवळीच्या खताचा. म्हणून नावावरून गवत ओळखायला जाऊ नये.

सातासमुद्रापार | २८ सप्टेंबर, सकाळी ८:१५

जॉन्सन ग्रासचं नाव निघालं आणि राहवेना. मी टेक्सासात राहतो, इथे रस्त्याकडेच्या चरांतून मैलोन् मैल हेच. शेतकरी शिवी दिल्यासारखं नाव घेतात.

हे जॉन्सन म्हणजे कर्नल विल्यम जॉन्सन. अलाबामातल्या सेल्मा गावाजवळ त्यांची नदीकाठची जमीन होती. १८४०च्या सुमारास त्यांनी चांगला चारा म्हणून हे गवत हौसेनं लावलं. गवत पसरलं, जॉन्सनसाहेब गेले, नाव चिकटलं. १९७७मध्ये जगातल्या सर्वात त्रासदायक तणांची यादी निघाली त्यात याचा नंबर सहावा. अर्जेंटिनात तर ग्लायफोसेट या तणनाशकाला न जुमानणारा वाणही तयार झालाय.

गंमत म्हणजे शास्त्रीय नावातलं "हालेपेन्स" अलाबामाचं नाही, सीरियातल्या अलेप्पोचं, म्हणजे हलब शहराचं. मूळ घर भूमध्य समुद्राच्या पूर्वेपासून आपल्याकडच्या बाजूपर्यंत. बारा_बैल, तुमचा बरू अमेरिकेतून आलेला नाही, उलट प्रवास झालाय.

बारा_बैल | २८ सप्टेंबर, सकाळी ८:४०

म्हंजी त्यांच्याकडं बी चुलतं असत्यात.

खडूस_खडू | २८ सप्टेंबर, सकाळी ९:०२

नखाने पेर चाचपायचं? बैल विकत घेतोय का?

कोरडवाहू | २८ सप्टेंबर, संध्याकाळी ७:३५

ओढ्याकाठची ताई, गृहपाठ करून आलो.

मूळ: नुसता झुबका. काशी नाही. दोन ताटं उपटली, दोन्हीकडे तेच.

पेर: कडं आहे! प्रत्येक पेराला पांढऱ्या केसांची झालर. नख लावलं तर बारीक ब्रशसारखं लागतं. काकांना दाखवलं, ते म्हणाले, "पन्नास वर्षं हे गवत कापतोय, पेराला दाढी असती हे आज बघतोय."

फांद्या: मुख्य दांड्याभोवती छत्रीच्या काड्यांसारख्या फुटतात, पण पुढे फुटत नाहीत. बारीक, सरळ, आणि टोकाला झुमका लोंबतो.

कुसळ: एका पेरापेक्षा लांब, मध्ये कोपरासारखं वाकलेलं, खालचा भाग पिळलेला. हातावर ठेवून थुंकी लावली तर फिरायला लागलं! आई ओरडली, म्हणून प्रयोग तिथेच थांबवला.

ओढ्याकाठची | २८ सप्टेंबर, रात्री ९:२०

मग हा बरू नाही. सुटलेली ज्वारीही नाही. खडूस_खडूंची क्षमा मागून धागा उघडाच ठेवूया.

हे सोर्घम पर्प्युरिओसेरिशियम. पर्प्युरिओ म्हणजे जांभळं, सेरिशियम म्हणजे रेशमी. तुम्ही पहिल्याच प्रतिसादात "जांभळं" आणि "रेशमासारखी लव" लिहिलंत तेव्हाच मला शंका आली होती. नाव ठेवणाऱ्याच्या आणि तुमच्या डोळ्यांना एकच गोष्ट दिसली.

आता कूळ. सगळ्यात वर गवतांचं कुल, पोएसी. त्यात अँड्रोपोगॉनी नावाचा गट, ज्यात ज्वारी, ऊस, मका, गवती चहा आणि वाळा ही सगळी भावकी येते. मोबाईलला ऊस दिसला तो अगदीच वेडेपणा नव्हता. अँड्रोपोगॉनचा अर्थ पुरुषाची दाढी, कणिशकांवरच्या केसांवरून. या गटाची खूण म्हणजे कणिशकं जोडीजोडीने येतात: एक बिनदेठाचं, त्यात दाणा धरतो, दुसरं देठावर, ते नर किंवा वांझ. आमचे सर म्हणायचे, "एक संसारी, एक संन्यासी."

लिनियसने १७५३मध्ये बरूला होल्कस प्रजातीत टाकलं होतं. १७९४मध्ये मोंच यांनी सोर्घम ही प्रजाती वेगळी काढली. (इथे भांडण नको म्हणून आधीच सांगते: मराठी विश्वकोशाच्या परिभाषेत प्रजाती म्हणजे जीनस आणि जाती म्हणजे स्पीशीज. वर्तमानपत्रं दुसऱ्यालाच प्रजाती म्हणतात, त्याला माझा इलाज नाही.) पर्प्युरिओसेरिशियम मात्र जुन्या पुस्तकांत बराच काळ अँड्रोपोगॉनमध्येच नांदलं. आजोबांच्या काळातलं एखादं फ्लोरा (प्रदेशातल्या वनस्पतींची नोंद असलेलं पुस्तक) चाळलंत तर तिथे शोधा.

सोर्घम प्रजातीत आज दोन डझनांच्या आसपास जाती धरतात, आणि गार्बर यांच्या १९५०च्या कामापासून त्यांचे पाच गट करण्याची रीत आहे. त्यातले दोनच आपल्या कामाचे. पहिला खऱ्या ज्वारींचा, यूसोर्घम. यात आपली ज्वारी, बरू आणि आग्नेय आशियातली एक बहुवर्षायू जात. पेरं बहुधा गुळगुळीत, फुलोऱ्याच्या फांद्यांना उपफांद्या. दुसरा पॅरासोर्घम. पेरांना दाढी, फांद्या साध्या. तुमचं गवत इथलं. उरलेले तीन गट जवळजवळ पूर्णपणे ऑस्ट्रेलियाच्या बाजूचे. सोर्घमच्या १७ जाती एकट्या ऑस्ट्रेलियात स्थानिक आहेत, ही गोष्ट मला अजूनही नवलाची वाटते. ज्वारी आफ्रिकेची, आणि भावंडांचा मेळा ऑस्ट्रेलियात.

आणखी एक. आपल्याकडच्या या गवताला गार्बर यांनी वेगळी उपजाती मानली आणि तिला नाव दिलं डेक्कनेन्स. दख्खनची.

दुपारचा_चहा | २८ सप्टेंबर, रात्री ९:४१

अंगावर काटा आला. वाचनखूण साठवली.

कोरडवाहू | २८ सप्टेंबर, रात्री १०:००

आईला सांगितलं, याच्या नावात दख्खन आहे. म्हणाली, "मग आमच्या माहेरचं चुकत नव्हतं." आता पुढचे सहा महिने हेच ऐकावं लागणार.

ताई, पूर्वजाचा प्रश्न राहिला.

ओढ्याकाठची | २९ सप्टेंबर, सकाळी ७:०५

पूर्वज नाही. चुलत घराणं म्हणा, तेही लांबचं.

आपल्या ज्वारीचा रानटी पूर्वज आफ्रिकेतल्या सव्हानात आजही उभा आहे, सोर्घम बायकलर जातीचीच ती रानटी उपजाती. पूर्व सुदानमधल्या बुताना भागात एका जुन्या वस्तीवर सापडलेल्या खापरांत ज्वारीच्या भुशाचे ठसे आहेत. मडकी करताना मातीत भुसा मिसळायचे, तो जळून गेला आणि साचा राहिला. ते सुमारे इसवी सनपूर्व ३०००चं. २०१७मध्ये हे प्रसिद्ध झालं. त्या ठशांत काही दाणे झडणाऱ्या रानटी प्रकारचे आहेत आणि काही कणसाला घट्ट धरून राहणारे, माणसाने निवडलेले. म्हणजे रानटीपणा सुटत असतानाचा तो क्षण कुंभाराच्या मातीत अडकलाय.

तिथून ज्वारी आपल्याकडे आली. हार्लन आणि द वेट यांनी १९७२मध्ये लागवडीच्या ज्वारीचे पाच मूळ वंश मांडले, त्यातला दुरा हा आपला. तुमची मालदांडी दुराच. आता मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, मोहोळच्या केंद्रावर निवडलेली मालदांडी ३५-१ घराघरांत आहे, सगळं खरं. पण त्या काळ्या मातीत ज्वारी पाहुणी आहे आणि बांधावर हाकलून दिलेलं हे गवत तिच्या आधीपासूनचं.

खडूस_खडू | २९ सप्टेंबर, सकाळी ७:३०

मंगळवेढ्यात जाऊन हे बोलून दाखवा.

ओढ्याकाठची | २९ सप्टेंबर, सकाळी ७:३८

बोलेन. हुरड्याच्या दिवसांत बोलावलंत तर.

क्रोमो | २९ सप्टेंबर, दुपारी १२:५०

कधी नव्हे तो माझ्या कामाचा धागा आला. मी वनस्पतींच्या गुणसूत्रांवर काम करते (पीएचडी, वर्ष विचारू नये).

ताईंनी पेरावरची दाढी सांगितली, मी आतली सांगते. ज्वारीत गुणसूत्रं २०. बरूत ४०, कारण तो ज्वारीच्या आणि त्या आग्नेय आशियाई जातीच्या घराण्यांचा संकर होऊन दोन्ही संच घेऊन बसलाय. काशा त्या दुसऱ्या बाजूकडून आल्या. आणि पर्प्युरिओसेरिशियममध्ये फक्त १०. पण ही १० इतकी मोठी असतात की एकूण डीएनए ज्वारीपेक्षा जास्त भरतो. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही शेजारी ठेवली तर ज्वारीची गुणसूत्रं मोहरी आणि याची हरभरे वाटतात.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. या जातीच्या काही झाडांत नेहमीच्या १० शिवाय जादाची गुणसूत्रं असतात, त्यांना बी (इंग्रजी अक्षर B) गुणसूत्रं म्हणतात. झाडाला त्यांची गरज नसते, नसली तरी झाड मजेत वाढतं. तुम्ही मुळाचं टोक घेऊन बघितलं (आम्ही सगळे आधी तेच घेतो) तर ती दिसतच नाहीत. पानात नाहीत, खोडात नाहीत. फुलोऱ्यात, परागकण तयार होतात तिथे मात्र हजर! कामाला गैरहजर आणि वरातीला पुढे.

हे पहिल्यांदा कुणी पाहिलं माहितेय? ई. के. जानकी अम्मल. कोइम्बतूरला उसाच्या संकरांवर काम करणाऱ्या, मूळच्या तेल्लिचेरीच्या. १९३९मध्ये करंट सायन्स आणि १९४०मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकांत त्यांची छोटी टिपणं आली. झाड वाढत असताना स्वतःची काही गुणसूत्रं टाकून देतं, हे तेव्हा विचित्रच होतं. आता ८० वर्षांनंतर चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमौत्स इथल्या गटाने हाच धागा उचललाय. त्यांनी दाखवलं की बी गुणसूत्रांची ही हकालपट्टी दाण्यातल्या भ्रूणातच सुरू होते. पेशी विभागताना ती मागे रेंगाळतात आणि गळून पडतात.

कोरडवाहू, तुमच्या ओढ्यावरच्या गवताला जगात वेगळाच मान आहे. आम्ही त्याच्या बिया जपून मोजून वापरतो.

बारा_बैल | २९ सप्टेंबर, दुपारी १:३०

समदं वाचलं. गुणसूत्र निम्मं डोक्यावरनं गेलं, पण एक सांगा. शेतकऱ्याला त्याचा उपेग काय?

क्रोमो | २९ सप्टेंबर, दुपारी २:१५

दादा, ज्वारी लवकर पेरली तर काय होतं?

बारा_बैल | २९ सप्टेंबर, दुपारी २:२०

खोडमाशी. पोंगेमर. मधला पोंगा वडला तर हातात येतो, बुडखा कुजका.

क्रोमो | २९ सप्टेंबर, दुपारी २:४५

बरोबर. ती माशी पानाच्या खालच्या बाजूला पांढरं, बारीक अंडं घालते, अळी पोंग्यात उतरते आणि वाढता कोंब कापते. ज्वारीच्या वाणांत तिला थोडाफार विरोध सापडतो, पूर्ण कधीच नाही. पाटनचेरूच्या इक्रिसॅट या पीक संशोधन संस्थेत रानटी जाती तपासल्या तेव्हा पॅरासोर्घम गटाने, त्यात हे गवतही आलं, खोडमाशीला जवळजवळ दादच दिली नाही. ज्वारीवर येणाऱ्या केवडा रोगालाही हा गट फार चांगला विरोध करतो.

मग तो गुण ज्वारीत का आणला नाही? कारण संकर होत नाही. याचा पराग ज्वारीच्या स्त्रीकेसरावर टाकला की परागनलिका थोडी उतरते आणि तिथेच अडते. ज्वारीत परक्या परागाला अडवणारं एक जनुक आहे. ते निकामी असलेला ज्वारीचा एक वेगळा वाण सापडला, तो वापरून टेक्सासमध्ये २००५च्या सुमारास दोन-तीन ऑस्ट्रेलियन बाजूच्या रानटी जातींशी संकर जमले. पण गुणसूत्रं एवढ्या वेगळ्या मापाची असल्यावर पुढची वाट खडतरच.

बारा_बैल | २९ सप्टेंबर, दुपारी ३:०५

म्हंजी सोयरीक जमत न्हाई. असू दे. शेजारी तर हाय.

गुरांचा_डॉक्टर | २९ सप्टेंबर, रात्री ८:५०

उशिरा आलो, पण "बैलांना घातलं तर चालेल का" याचं उत्तर कुणीच दिलेलं नाही. सगळे दाढीत अडकलेत.

ज्वारीच्या भावकीतलं काहीही कोवळं असताना जनावराला घालायचं नाही. कोवळ्या पानात धुरीन नावाचं द्रव्य असतं. पानात ते एका कप्प्यात आणि त्याला फोडणारं विकर (एन्झाइम) दुसऱ्या कप्प्यात. जनावर चावतं, कप्पे फुटतात, दोघं भेटतात आणि हायड्रोसायनिक आम्ल तयार होतं. रवंथ करणाऱ्या जनावरांत हे फार झपाट्याने होतं. रक्तात प्राणवायू असतो पण पेशीला तो वापरता येत नाही, म्हणून रक्त उलट लालभडक दिसतं. धाप, लाळ, झोकांड्या, आणि अर्ध्या तासाच्या आत जनावर आडवं. यालाच आपल्याकडे किरळ लागणं म्हणतात.

सर्वात धोक्याचे प्रसंग: पाऊस ताणल्यामुळे खुरटलेलं पीक, आणि त्यावर पाऊस पडून आलेला नवा लुसलुशीत फुटवा. कापणीनंतर खोडव्याला फुटलेले कोंबही तसेच. बरूचा पाटाकडेचा फुटवा मी स्वतः दोनदा पाहिलाय, दोन्ही वेळा गाय मेल्यावर बोलावणं आलं होतं. वेळेत पोचलो तर सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट शिरेतून देतो, जनावर उठून उभं राहतं. घरगुती ताक-गूळ करत वेळ घालवू नका.

तुमचं गवत आता निसवलंय, ताट वाढलंय, तेव्हा धोका उतरलेला असतो. तरी कापून वाळवून, इतर कडब्यात मिसळून घाला. आणि कुसळं धरायच्या आत. ती कुसळं हिरडीत रुततात.

सातासमुद्रापार | २९ सप्टेंबर, रात्री ९:३०

इथे पहिल्या कडक थंडीनंतर हीच भीती. हिमाने करपलेलं जॉन्सन ग्रास गुरांपासून लांब ठेवतात.

वऱ्हाडी_वांगं | २९ सप्टेंबर, रात्री १०:१०

अवांतर. ते धुरीन नाव कुठून आलं भाऊ? आमच्याकडे धुरा म्हणजे बांध.

गुरांचा_डॉक्टर | २९ सप्टेंबर, रात्री १०:२५

अरबीत ज्वारीला धुरा म्हणतात. १९०२मध्ये डन्स्टन आणि हेन्री यांनी हे द्रव्य वेगळं केलं, त्यावरून नाव. ताईंनी सांगितलेला दुरा वंशही त्याच शब्दाचा.

वऱ्हाडी_वांगं | २९ सप्टेंबर, रात्री १०:२८

म्हणजे धुऱ्यावर धुरा!

ओढ्याकाठची | ३० सप्टेंबर, सकाळी ७:१५

वऱ्हाडीभाऊंनी हसत हसत मुद्द्यावर आणलं. हे गवत धुऱ्यावरच का?

आफ्रिकेत ते इथिओपियापासून सुदान आणि साहेलच्या पट्ट्यात आढळतं. तिथेही त्याची आवड तीच: जड, काळी, पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी चिकणमाती. आपल्या बेसाल्टच्या झिजेतून झालेली काळी माती म्हणजे त्याला घरच. खडकाळ माळावर ते रमत नाही, तिथे कुसळी गवताचं राज्य. नदीच्या कायम ओलाव्यातही नाही, तिथे बरू आणि लव्हाळा. याला हवी खोल काळी, चार महिने ओली आणि नंतर कोरडीठाक.

ते वर्षायू आहे, काशी नाही, म्हणजे सगळा भरवसा दाण्यावर. दाणा पिकला की लगेच झडतो. कोरडवाहूंनी थुंकी लावून जे फिरवलं ते कुसळ इथे कामाला येतं. ओल मिळाली की पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो आणि दाणा मातीत स्क्रूसारखा उतरतो. त्यात उन्हाळ्यात जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा. दाणा भेगेत पडला की मुंगीपासून आणि विस्तवापासून सुटला.

आता तुमच्या शेतीचं वेळापत्रक त्याच्याशेजारी ठेवा. मृगात ते उगवतं, दाणा धरायला सप्टेंबर-ऑक्टोबर उजाडतो. रब्बीच्या रानात त्याच काळात दोन-तीन कुळवाच्या पाळ्या पडतात. म्हणजे दाणा धरायच्या आधीच कापलं जातं, दरवर्षी. काशी असती तर बरूसारखं पुन्हा वर आलं असतं. त्यामुळे कुळव वळतो त्याच्या पलीकडेच ते टिकतं: बांध, ओढ्याचा काठ, गायरान, रेल्वेची हद्द. काका म्हणतात ज्वारी सुटून बांधावर गेली. झालं उलट. सगळं रान याचंच होतं, कुळवाने त्याला काठावर आणून सोडलं.

कोरडवाहू | ३० सप्टेंबर, सकाळी ८:०२

हे काकांना वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, १९७२च्या दुष्काळानंतर दोन वर्षं आमचं खालचं रान पडून होतं, बैलच नव्हते. तेव्हा त्या रानात हे गवत छातीएवढं माजलं होतं आणि गावाला वाटलं होतं कुणीतरी चोरून ज्वारी पेरली.

क्रोमो | ३० सप्टेंबर, सकाळी ९:१०

काकांना माझा नमस्कार सांगा. अशा नोंदी कुठल्या पेपरात मिळत नाहीत.

एक तळटीप: नाव शोधताना कुणाला सार्गा पर्प्युरिओसेरिशिया असं दिसलं तर दचकू नका. २००३मध्ये स्पँगलर यांनी सोर्घमची वाटणी करायची सूचना केली आणि दाढीवाल्यांना सार्गा नावाचं वेगळं घर दिलं. काही याद्या ते मानतात, पैदासकार मंडळी अजून सोर्घमच लिहितात.

खडूस_खडू | ३० सप्टेंबर, सकाळी ९:२५

म्हणजे तीस प्रतिसाद खर्चून नावही नक्की नाही.

ओढ्याकाठची | ३० सप्टेंबर, सकाळी ९:४०

गवत नक्की आहे. वाटण्या कागदावर चालू आहेत. तुमच्या घरी सातबाऱ्यावर नाही का असंच चालत?

खडूस_खडू | ३० सप्टेंबर, सकाळी ९:४४

प्रतिसाद काढून टाकला आहे.

कोरडवाहू | ११ नोव्हेंबर, रात्री ८:३०

धागा वर काढतोय. दिवाळीला परत गेलो होतो. शाळू गुडघ्याला आलाय. ओढ्यावर गेलो तर अर्ध्या काठाला धनगराच्या मेंढ्या बसून गेलेल्या, आणि उरलेल्या काठावर खोलीकरणाचं मशीन लागलेलं. काठ खरवडून माती वर टाकलीय. उरली होती ती पंधरा-वीस ताटं, पार वाळलेली, दाणा केव्हाच झडलेला. दोन ताटांच्या टोकाला थोडे अडकलेले मिळाले. लग्नपत्रिकेच्या पाकिटात घालून ठेवलेत. क्रोमो, तुम्हाला हवेत का?

क्रोमो | ११ नोव्हेंबर, रात्री ८:३६

हवेत म्हणजे काय! व्यक्तिगत निरोप करते. सगळे पाठवू नका, निम्मे तिथेच बांधावर टाका, मशीन जिथे येणार नाही अशा जागी. मातीवर नुसते ठेवा, कुसळ पुढचं बघेल.

कोरडवाहू | ११ नोव्हेंबर, रात्री ८:५०

आईने आधीच टाकलेत. परसात.

खडूस_खडू | १४ नोव्हेंबर, सकाळी ७:२०

आमच्या सोसायटीमागच्या नाल्यात एक ज्वारीसारखं उभं आहे. सकाळी फिरायला गेलो तेव्हा सहज बघितलं. पेराला दाढी नाही. उपटायला गेलो तर निघेना, खाली काहीतरी जाड, पांढरं आडवं गेलंय.

बारा_बैल | १४ नोव्हेंबर, सकाळी ७:२६

बरू. खणा.